घरी सांभाळायचं की अ‍ॅडमिट करायचं? मानसिक आजार अचानक उसळला की कसं ठरवायचं

चार रात्री झोप नाही, अखंड बोलणं चालूय, किंवा उलट, बोलणंच बंद, समोरच्या बिल्डिंगमधून माझ्यावर पाळत ठेवतायत म्हणून पडदे ओढून बसलेला माणूस, आणि घरातले बाकीचे दुसऱ्या खोलीत हळू आवाजात एकच वाद घालतायत, घरीच सांभाळूया की अ‍ॅडमिट करूया. आमच्या घरी हा वाद तीनदा झालाय. धाकट्या भावाचा पहिला एपिसोड पूर्ण हॉस्पिटलात गेला, दुसरा घरी सुरू झाला आणि पाचव्या दिवशी अ‍ॅडमिट करावंच लागलं, तिसरा अख्खा घरी निभावला. त्यातून जे कळलं आणि मधल्या काळात जे वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून घेतलं ते सगळं इथे टाकतोय. मी डॉक्टर नाही, पण रात्री तीन वाजता दार अडवून बसलेला माणूस नक्की होतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. घरी ठेवलं म्हणजे माया आणि अ‍ॅडमिट केलं म्हणजे टाकून दिलं, असं बऱ्याच घरांत धरून चालतात. काही घरांत याच्या उलट, हॉस्पिटल म्हणजे सुरक्षित आणि घरी ठेवणारे बेजबाबदार. दोन्ही चुकीचं आहे. खरा प्रश्न इतका मोठा नसतोच, तो फक्त आज रात्रीचा असतो. आजची रात्र या माणसाला आणि घरातल्या बाकीच्यांना कुठे नीट पार पडेल, एवढंच. उद्या सकाळी तोच प्रश्न परत विचारायचा आणि उत्तर बदललं तर बदलू द्यायचं. आमचा दुसऱ्या वेळचा गोंधळ इथेच झाला, एकदा "घरी" असं ठरवलं म्हणून पाच दिवस आम्ही ते शब्द राखल्यासारखं ओढत बसलो.

आता ज्या बाबतीत तुलनाच करायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं, त्या आधी सांगून टाकतो. स्वतःला संपवायचा ठरवून विचार चालू असेल, म्हणजे नुसतं "जगावंसं वाटत नाही" नाही तर कसं आणि कधी हे मनात पक्कं झालंय, किंवा प्रयत्न करून झालाय. दुसऱ्या कुणाला इजा करण्याची भाषा आणि तशी हालचाल. कानातला आवाज "हे कर" असा हुकूम देतोय आणि तो पाळावासा वाटतोय. खाणंपिणं पूर्ण बंद, विशेषतः पाणी. एकाच जागी पुतळ्यासारखा तासन्तास, हात उचलून ठेवला तर तसाच राहतोय, याला कॅटाटोनिया म्हणतात आणि यात शरीरातलं पाणी कमी होणं, पायात रक्ताची गुठळी होणं असले धोके असतात, पण योग्य औषध किंवा ईसीटी (भूल देऊन मेंदूला विजेचा हलका झटका देण्याचा उपचार) मिळाली तर माणूस बघता बघता हलायला लागतो, म्हणून वाट बघू नका. आणि कुठल्याही गोळ्या जास्त घेतल्या असतील तर माणूस ठणठणीत दिसत असला, "मला काही होत नाहीये" म्हणत असला तरी जायचंच. काही साध्या गोळ्या अशा आहेत की पहिला दिवस काहीच दिसत नाही आणि दोन-तीन दिवसांनी लिव्हर बसतं, उतारा मात्र पहिल्या काही तासांतच नीट काम करतो. रिकामं पाकीट सोबत घेऊन निघा.

बाळंतपणानंतरचं वेगळं सांगायला पाहिजे. हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या दोन आठवड्यांत सायकोसिस होतो, म्हणजे भास-संशयाने वास्तवाचं भान सुटतं, आदल्या दिवशी चांगली असलेली बाई दुसऱ्या दिवशी पार बदललेली, झोप नाही, गोंधळलेली, बाळाबद्दल भलतंसलतं बोलतेय. "बाळंतपणाचा थकवा आहे" असं म्हणून घरी ठेवायची ही केस नाही. शक्य असेल तिथे आई आणि बाळ एकत्र राहू शकतील असा वॉर्ड विचारा, सगळीकडे नसतो, पण विचारायला काय जातंय.

आणि एक सापळा, हे मानसिक आहे तरी का? हा प्रश्न घरचे विसरतात आणि खरं सांगायचं तर कधीकधी डॉक्टरही घाईत विसरतात. पहिल्यांदाच होतंय, वय साठच्या पुढे, ताप आहे, डोक्याला मार लागलाय, फिट आली, सकाळी बरा आणि संध्याकाळी कुठे आहोत तेही कळत नाही, डोळ्यांसमोर प्राणी-माणसं दिसतायत, यातलं काही असेल तर आधी शरीर तपासायचं. साखर उतरणं, सोडियम कमी होणं, थायरॉईड, म्हाताऱ्या माणसात साधं लघवीचं इन्फेक्शन, मेंदूला सूज, यातलं काहीही हुबेहूब वेड लागल्यासारखं दिसू शकतं. 2007 साली मेंदूच्या सुजेचा एक प्रकार नीट ओळखला गेला, अँटी एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस म्हणतात त्याला, त्यात तरुण मुली आधी सायकियाट्रीकडेच पोचतात आणि खरा इलाज न्यूरॉलॉजीकडे असतो. दारू रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली असेल तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात कंप, घाम, भास असा प्रकार सुरू होतो जो जिवावर बेततो. "आता घरीच कोंडून सोडवतो याची" हा पराक्रम कृपया करू नका.

ही सगळी चाळणी लावून झाल्यावर जे उरतं तिथे खरी निवड असते. आणि असे पेशंट कमी नसतात बरं का.

घरी उपचार म्हणजे नेमकं काय, इथे शब्दाचा घोळ आहे. आपण घरी ठेवणं म्हणतो तेव्हा बहुतेकदा नुसतं वाट बघणं असतं, दोन दिवस बघू, शांत होईल. अभ्यासांत ज्याची तुलना हॉस्पिटलशी झालीय ते हे नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला स्टाइन आणि टेस्ट या दोघांनी 1970 च्या दशकात वॉर्डातला स्टाफच बाहेर काढला आणि पेशंटच्या घरी, कामाच्या ठिकाणी, दुकानात नेला, अ‍ॅडमिट करण्याऐवजी 14 महिने तसं सांभाळलं. लोक चांगले राहिले, हॉस्पिटलात कमी गेले. आणि मला त्यातली सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे ही मदत थांबवल्यावर फायदा ओसरत गेला. मग ऑस्ट्रेलियात सिडनीला तेच करून पाहिलं, इंग्लंडने तर 2000 सालच्या आरोग्य योजनेत देशभर अशा 335 क्रायसिस टीम उभ्या करायचं ठरवलं. टीम म्हणजे नर्स, डॉक्टर, सोशल वर्कर, गरज पडली तर दिवसातून दोनदा घरी येणार, औषध समोर बसून देणार, रात्री फोन उचलणार, काही आठवडे हे चालणार आणि मग निरोप. फिनलंडमध्ये टोर्नियो नावाच्या गावाच्या बाजूला 1980 च्या दशकापासून आणखी वेगळी पद्धत आहे, ओपन डायलॉग, फोन आल्यावर 24 तासांच्या आत घरच्यांना, पेशंटला आणि टीमला एकत्र बसवतात आणि पेशंटबद्दलची कुठलीही चर्चा पेशंटच्या पाठीमागे करत नाहीत.

मग उपयोग होतो का? लंडनमधल्या इस्लिंग्टन भागात 260 लोकांवर चाचणी झाली, 2005 मध्ये छापून आली, ज्यांना क्रायसिस टीम मिळाली ते पुढच्या आठ आठवड्यांत हॉस्पिटलात बरेच कमी गेले. असे अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने आढावा घेतला त्यात घरच्यांवरचा भार कमी, पेशंट जास्त समाधानी, उपचार मधेच सोडून जाणारे कमी, आणि मृत्यूच्या आकड्यात ठळक फरक नाही, असं निघालं. पण त्याच आढाव्याच्या आधीच्या आवृत्तीत एक आकडा आहे जो घरवाद्यांनी भिंतीवर लावावा, घरी उपचार मिळणाऱ्या गटातल्या सुमारे 45 टक्के लोकांना शेवटी अ‍ॅडमिट व्हावंच लागलं. म्हणजे चांगली टीम असतानाही जवळजवळ निम्मे. तेव्हा घरी सुरू करून मग हॉस्पिटल लागलं तर ती तुमची हार नाही, ते गणितातच धरलेलं आहे. दुसरं, हे सगळे आकडे टीमसकटचे आहेत. तुमच्याकडे टीम नाही, एक डॉक्टर आहे जो दोन दिवसांनी फोन उचलतो, तर हे आकडे तुमचे नाहीत.

हॉस्पिटल काय देतं ते पण नीट बघा. रात्रभर जागा राहणारा माणूस, जो आठ तासांनी बदलतो. रोज डोस बदलून रोज बघता येतं, घरी डॉक्टर तेवढं धाडस करत नाहीत आणि करू पण नये. रक्त तपासणी, इंजेक्शन, ईसीटी. आणि झोप, पेशंटची आणि घरच्यांचीही. काय देत नाही? बरं होणं चार दिवसांत देत नाही. अँटीसायकोटिक औषधाने, म्हणजे भास-संशयावरच्या औषधाने, चिडचिड, धावपळ काही तासांत-दिवसांत उतरते पण संशय आणि भास विरायला दोन-चार आठवडे किंवा जास्त लागतात, डिप्रेशनच्या गोळ्यांचंही साधारण दोन ते चार आठवडे. हॉस्पिटलात औषध वेगळ्या वेगाने काम करत नाही, तीच गोळी तोच वेळ घेते. त्यामुळे "दहा दिवस ठेवलं तरी अजून तसंच बोलतोय" म्हणून डॉक्टरवर चिडू नका, आणि दहाव्या दिवशी घरी आणला तर उरलेला आजार पण सोबत घरी येतोय हे धरून चला.

आणि हॉस्पिटलची किंमत असते, पैशांची म्हणत नाहीये. अनोळखी आवाज, दुसऱ्या पेशंटचं ओरडणं, बंद दार, मोबाईल काढून घेतलेला, कधी बांधून ठेवणं. भावाला पहिल्या वेळचं इंजेक्शन आठवत नाही पण चार लोकांनी धरलं होतं ते आठवतं, आणि पुढची दोन वर्षं तो डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की विषय बदलायचा. हे नुकसान कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही. याचा अर्थ अ‍ॅडमिट करू नका असा नाही, आम्हाला तेव्हा दुसरा मार्गच नव्हता, पण हॉस्पिटल फुकटचं सुरक्षित आहे असं समजू नका.

तर ठरवायचं कसं. कागद घ्या आणि भावना बाजूला ठेवून मोजा, हो मोजा. पहिलं, माणसं किती. चोवीस तास कुणीतरी जागं पाहिजे असेल तर कमीत कमी तीन मोठी धडधाकट माणसं लागतात, दोघांत चार दिवसांच्या वर जमत नाही हे मी स्वतःच्या अंगावर काढलेलं सांगतोय. एकटी आई आणि पेशंट, हे घरी उपचाराचं घर नव्हे, कितीही माया असू दे. दुसरं, औषध. समोर घेतो का, गिळतो का, की गालात धरून नंतर थुंकतो. औषध घेणार असेल तर घराची बाजू एकदम जड होते, घेतच नसेल तर घर जवळपास बाद. तिसरं, जेवण-पाणी-झोप, गेल्या 24 तासांत किती. चौथं, डॉक्टर किंवा नर्स रात्री किती मिनिटांत फोनवर आणि किती वेळात प्रत्यक्ष, आणि इमर्जन्सी किती लांब. पाचवं, घरात लहान मुलं, म्हातारे, गरोदर बाई आहे का, त्यांना दुसरीकडे पाठवता येईल का. सहावं, पेशंटच्या संशयात तुम्हीच आहात का. हा मुद्दा कुणी बोलत नाही पण फार महत्त्वाचा आहे, जर त्याला वाटतंय की बायको जेवणात विष घालतेय तर तीच बायको त्याला घरी सांभाळणार कशी, तिथे बाहेरचं माणूस पाहिजे किंवा बाहेरची जागा.

या सगळ्यात मला एकच निकष निवडायला सांगितला तर मी झोप निवडेन, पेशंटची नाही, सांभाळणाऱ्याची. आमची दुसरी वेळ भावाच्या आजाराने नाही फसली. त्याचं औषध चालू होतं, थोडा उतार पण होता. पाचव्या रात्री मी खुर्चीत बसल्या बसल्या दोनच्या सुमाराला पेंगलो आणि तो अनवाणी बाहेर पडला. दीड तासाने सापडला, काही झालं नाही, पण सकाळी अ‍ॅडमिट केलं. न झोपलेला माणूस चिडतो, आवाज चढवतो, डोस विसरतो आणि पेशंटच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत बसतो. दोन रात्री सलग ज्याची झोप झाली नाही त्याने निर्णय घ्यायचा नाही आणि ड्युटी पण करायची नाही, असा नियम तिसऱ्या वेळी केला आणि तो पाळला म्हणूनच तिसरी वेळ निभावली असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि अहो, पेशंटला विचारा. हे शेवटी आठवतं सगळ्यांना. आजार उसळलेला असला तरी माणूस पूर्ण वेळ पूर्ण बेभान नसतो, मधे मधे स्वच्छ बोलतो, त्या फटीत विचारायचं, तुला कुठे बरं वाटेल, कोण जवळ हवं, कोण नको. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळं करता येणार नाही, पण विचारलं होतं हे त्याच्या लक्षात राहतं. आणि खोटं बोलून नेऊ नका. आम्ही पहिल्या वेळी "जरा चक्कर मारून येऊ" म्हणून गाडीत बसवलं होतं. ज्याला आधीच वाटतंय की सगळे मिळून माझ्याविरुद्ध कट करतायत त्याच्याविरुद्ध आम्ही खरंच कट केला. त्याऐवजी सरळ सांगा, "तू चार दिवस झोपला नाहीस, आम्हाला भीती वाटतेय, आपण डॉक्टरकडे जातोय, मी सोबत थांबणार आहे." आरडाओरडा होईल. तरी सांगा. जबरदस्तीने अ‍ॅडमिट करायचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, पण साधारण सगळीकडे धोका किती आणि कमी बंधनाचा दुसरा उपाय आहे का हे बघितलं जातं, तुमच्याकडे काय प्रक्रिया आहे ते शांत वेळी विचारून ठेवा, धावपळीत नाही.

घरी ठेवायचं ठरलं तर. पहिल्या तासात घर आवरा, म्हणजे सगळ्या औषधांचे डबे, म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसकट, कुलपात, धारदार वस्तू, कीटकनाशकं, गाडीची किल्ली, गच्चीची किल्ली, बाथरूमची आतली कडी काढून ठेवा. उगाच वाटतं हे, पण स्वतःचा जीव घेण्याचा झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळात हाताशी काही नसणं एवढ्यानेच जीव वाचतो. मग आवाज कमी करा. टीव्ही बंद, पाहुणे बंद, बघायला येणारे नातेवाईक तर पूर्ण बंद, फोनवर सगळ्यांना उत्तर द्यायला घरातलं एकच माणूस नेमा. मॅनिया असेल, म्हणजे झोप नाही, अखंड बोलणं, अफाट उत्साह असा प्रकार, तर रात्री खोलीत अंधार, मोबाईल बाहेर, एटीएम कार्ड आणि पेमेंट अ‍ॅप कुणाकडे तरी ठेवायला द्या त्याला विचारून, कारण त्या चार दिवसांत लोक लाखाची खरेदी करतात आणि मग सहा महिने लाजेत घालवतात.

बोलायचं कसं? संशयाशी वाद घालू नका आणि त्याला होही म्हणू नका. "समोरचे तुझ्यावर पाळत ठेवत नाहीयेत, वेडा आहेस का" यानेही उपयोग नाही आणि "हो रे, ठेवतात खरी" यानेही नाही. "मला ते दिसत नाहीये, पण तुला भीती वाटतेय ते दिसतंय, मी इथे बसतो" एवढं पुरतं. लहान वाक्यं. एका वेळी एकच माणूस बोलेल. समोर उभं राहून नाही, थोडं बाजूला बसून, आणि दार त्याच्यासाठीही मोकळं राहील असं, कोपऱ्यात सापडलेला माणूस हात उचलतो. आत्महत्येबद्दल मात्र सरळ शब्दात विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर एकटं सोडायचं नाही आणि त्याच क्षणी डॉक्टरला फोन, सकाळी नाही.

एक वही करा. वेळ, औषध कोणतं किती, किती झोपला, किती पाणी, काय बोलला ते त्याच्याच शब्दात. डॉक्टरला "जरा बरा आहे" सांगण्यापेक्षा "काल दोन तास, आज साडेतीन तास झोपला" सांगितलं की फोनवरच डोस ठरतो. त्यात साइड इफेक्टचं वेगळं पान ठेवा. अँटीसायकोटिक सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एकीकडे वळून अडकणं, डोळे वर जाऊन राहणं, जीभ वळणं असं होऊ शकतं, बघायला भयंकर पण इंजेक्शनने लवकर सुटतं, हॉस्पिटलला न्या. एका जागी बसताच न येणं, सतत येरझाऱ्या, याला घरचे आजार वाढला समजतात आणि तो औषधाचाच परिणाम असू शकतो, विचारा. पण ताप, अंग लाकडासारखं कडक, घाम, आणि गुंगी हे एकत्र दिसलं तर पुढचा डोस थांबवून सरळ इमर्जन्सी, ते दुर्मिळ आहे पण जीव घेऊ शकतं. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर पाणी आणि मीठ नेहमीसारखं चालू ठेवा, जुलाब-उलट्या, हात जाड थरथरणं, झोकांड्या जाणं म्हणजे रक्तातलं प्रमाण वाढल्याची खूण, आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन सारखी गोळी मनाने देऊ नका, त्याने ते प्रमाण वाढतं. जुनी उरलेली डिप्रेशनची गोळी पण मनाने सुरू करायची नाही, बायपोलर (कधी मॅनिया, कधी डिप्रेशन असा आजार) असेल तर त्याने मॅनिया पेटू शकतो.

आणि थांबायची रेषा पहिल्याच दिवशी लिहून फ्रिजवर लावा. आमची अशी होती, सलग दोन डोस नाकारले, किंवा बारा तास पाणी नाही, किंवा कुणावर हात उचलला, किंवा मरणाची भाषा आली, किंवा सांभाळणाऱ्यांपैकी कुणीही म्हणालं की मला आता जमत नाही, तर वाद न घालता बॅग उचलायची. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण ते वाक्य उच्चारायला घरात कुणाचीच हिंमत होत नाही, आधी लिहिलेलं असलं की होते.

अ‍ॅडमिट करायचं ठरलं तर सोबत न्यायचं ते म्हणजे ती वही, चालू औषधांची पाकिटं, जुने रिपोर्ट, कशाची अ‍ॅलर्जी, मागच्या वेळी कोणतं औषध लागू पडलं आणि कोणतं बाधलं. शेवटचं फार उपयोगी, नाहीतर नवीन डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्याच्या ओळखीचं काहीतरी द्या, चादर, वही, फोटो. आणि आत शिरताना तीन प्रश्न विचारा, कुठली गोष्ट साध्य झाली की सोडणार, बांधायची किंवा वेगळं ठेवायची वेळ आली तर आम्हाला कधी कळवणार, आणि भेटायला कधी येऊ. "किती दिवस" हा प्रश्न सगळे विचारतात पण त्याला डॉक्टरकडेही उत्तर नसतं, "सलग तीन रात्री सहा तास झोपला आणि औषध स्वतः मागून घेतलं की" असं उत्तर मिळालं तर ते कामाचं. भेटायला गेलात की अर्धा तास बसा, उपदेश करू नका, रडू आलं तर बाहेर जाऊन रडा.

हो, आणि या दोनच वाटा नाहीत. काही ठिकाणी डे हॉस्पिटल असतं, दिवसभर तिथे आणि रात्री घरी, ज्या घरात दिवसा माणूस नसतो पण रात्री असतात त्यांना हे बरोबर बसतं. काही ठिकाणी क्रायसिस हाऊस, म्हणजे वॉर्ड नाही, साधं घर, पण स्टाफ असलेलं. आणि सगळ्यात जास्त जमणारा प्रकार म्हणजे पाच-सात दिवस वॉर्डात झोप आणि डोस बसवून घ्यायचा, मग रोजच्या फोनवर घरी. तुमच्या डॉक्टरला "घरी की इथे" असं विचारण्यापेक्षा "इथे किती आणि घरी किती" असं विचारून बघा, उत्तर वेगळं येतं.

डिस्चार्जचा दिवस म्हणजे संपलं असं वाटतं आणि तिथेच सगळे ढिले पडतात. जगभरच्या आकडेवारीत हे परत परत दिसलंय की मानसिक आजाराच्या वॉर्डातून सुटल्यानंतरचा पहिला आठवडा आणि एकूण पहिले तीन महिने आत्महत्येच्या धोक्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. कारणं समजण्यासारखी आहेत, ऊर्जा परत येते पण मन अजून उठलेलं नसतं, आणि काय काय झालं त्याची लाज वाटायला लागते. म्हणून निघायच्या आधी पुढची अपॉइंटमेंट तारीख-वेळेसह हातात घ्या, आठवड्याच्या आतली, औषधं पुढच्या भेटीपर्यंत पुरतील इतकीच घरात ठेवा आणि कुलपातच, आणि पहिले पंधरा दिवस घर तसंच राहू द्या जसं घरी उपचारासाठी आवरलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर पाठवू नका. "आता झालास ना बरा" असंही म्हणू नका.

मग महिना-दोन महिन्यांनी, सगळं शांत असताना, पेशंटसोबत बसून एक कागद करा. पुढच्या वेळी हे परत झालं तर, पहिली खूण कोणती (भावाची खूण म्हणजे रात्री कपाट आवरायला काढणं), कुणाला फोन, कोणतं औषध चालेल आणि कोणतं नको, कुठलं हॉस्पिटल, कोण सोबत, पैसे-फोन कुणाकडे. त्यानेच लिहायचा, आपण नाही. डॉक्टरची सही घ्या, एक प्रत फाईलला लावा. भावाने त्याचा कागद लिहिला तेव्हा मला वाटलं हॉस्पिटलबद्दल काहीतरी कडक लिहील. लिहिलं होतं, झोप सलग तीन रात्री गेली तर अ‍ॅडमिट करा, पण आधी सांगा. आणि त्याच्या खाली, दादाला रात्री बारानंतर बसवू नका, तो पेंगतो.